मिरपूड पळाली, जंतू राहिले: बालवर्गातल्या हात धुण्याचा एक प्रकरण अभ्यास

शी करून आलेला साडेचार वर्षांचा मुलगा बेसिनपाशी थांबला. साबणाच्या वडीला त्याने एका बोटाचं टोक टेकवलं, ते बोट क्षणभर नळाखाली धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, झालं! पळाले सगळे." आणि डबा खायला धावला. मी त्याला परत बोलावलं, तेव्हा आपलं काय चुकलं हे त्याला खरंच कळेना. कळणार कसं? तीन दिवसांपूर्वी मीच त्याला हे शिकवलं होतं.

हे प्रकरण त्या बोटापासून सुरू होतं. लहान मुलांना खेळातून जंतू समजावताना खेळ कुठे उलटतो आणि मग काय करावं लागतं, ते जसं घडलं तसं लिहिते आहे. बालवर्गाला शिकवणाऱ्या कुणालाही यातल्या चुका टाळता आल्या तर हवंच आहे.

वर्ग आणि सुरुवात

4 ते 5 वर्षांची 19 मुलं, मी, एक मदतनीस मावशी आणि दोन नळांचं एक बेसिन. वर्गात जुलाब-उलट्यांची साथ येऊन गेली होती. एकामागून एक मुलं आजारी पडली आणि घरून निरोप येत राहिले. हात धुण्याबद्दल आम्ही सांगत नव्हतो असं नाही. "हात धुतलेस का?" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा व्हायचा आणि पन्नास वेळा "हो" असं उत्तर यायचं.

मग आठवडाभर आम्ही काही न बोलता नुसतं पाहायचं ठरवलं. मी बेसिनपाशी उभी असले की बहुतेक मुलं साबण घ्यायची. मी तिथून हलले की पाण्याखाली बोटं भिजवायची, हात चड्डीला पुसायचे आणि पळायचं. मावशी आतल्या खोलीत भांडी लावता लावता बघत होत्या, म्हणून हे कळलं. कुणी बघत असलं की हात जास्त धुतले जातात, हे दवाखान्यांतल्या मोठ्या माणसांच्या बाबतीतही वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा नुसत्या आमच्या नजरेवर विसंबायचं नाही, साबणाची वडी किती दिवसांत संपते त्याचीही नोंद ठेवायची, असं ठरलं. त्या वेळी एक वडी जवळपास महिनाभर पुरत होती. 19 मुलांच्या वर्गात हे बरं लक्षण नव्हे.

मिरपुडीचा प्रयोग

हा प्रयोग बहुतेक शिक्षकांनी केलेला असतो. पसरट ताटलीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड भुरभुरायची आणि हे जंतू आहेत असं सांगायचं. कोरडं बोट बुडवलं की पूड बोटाला चिकटते. साबण लावलेलं बोट टेकवलं की पूड झर्रकन कडेला पळते. मुलं आनंदाने किंचाळली. पुन्हा पुन्हा करून मागितलं. मला वाटलं, जिंकलो.

पण त्या ताटलीत खरं घडतं काय? पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, ताणून बसवलेल्या पातळ पडद्यासारखा. मिरपूड त्या पडद्यावर तरंगते. साबण लागला की तिथला ताण कमी होतो, कडेचं पाणी ताणलेलंच असतं, म्हणून पृष्ठभाग कडेकडे ओढला जातो आणि पूड त्याच्याबरोबर जाते. हातावर यातलं काहीच होत नाही. कातडीवर तेलकट थर असतो आणि मळ, जंतू त्यात रुतून बसलेले असतात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हात चोळले की तो थर फुटतो, त्याचे बारीक थेंब होतात, त्यांना साबण वेढतो आणि पाणी सगळं वाहून नेतं. साबण जंतूंना मुख्यतः सोडवून काढतो. फ्लू किंवा करोनासारख्या काही विषाणूंचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणाने फुटतं, हे खरं. पण सगळ्याच जंतूंचं तसं नाही. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरणच नसतं. त्याच्यावर सॅनिटायझरही नीट चालत नाही. तिथे चोळणं आणि वाहत्या पाण्यात धुणं याला पर्याय नाही.

आता चार वर्षांच्या मुलाच्या जागी उभं राहून ती ताटली बघा. बोटाला साबण लागला, टेकवला, जंतू पळाले. चोळणं नाही, वेळ नाही, धुवून टाकणं नाही. मुलांनी जे पाहिलं त्यावरून काढलेला निष्कर्ष बिनचूक होता. चूक दाखवणाऱ्याची होती. पुढच्या काही दिवसांत एका बोटाने साबणाला शिवून जाणारी आणखी तीन-चार मुलं आम्हाला दिसली. म्हणजे प्रयोगाआधी जी मुलं निदान सगळी बोटं भिजवत होती, ती आता एक बोट भिजवू लागली होती.

न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला सांगणं किती अवघड असतं, याचा दाखला मोठ्यांच्या इतिहासातही आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी 18 हून अधिक दगावत होत्या. काही महिन्यांत ते प्रमाण 2 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलं. तरीही अनेक डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. हातावर नेमकं काय आहे हे सेमेलवाइस दाखवू शकत नव्हते. जंतूंमुळे रोग होतात हे दाखवणाऱ्या पाश्चर आणि कॉख यांचं काम पुढच्या दशकांतलं. शिकलेल्या माणसांची ही गत, तर चार वर्षांच्या मुलाने "जंतू असतात, दिसत नाहीत, तरी धू" एवढ्यावर का धुवावं? त्याला काहीतरी दिसलंच पाहिजे. आणि जे दिसेल ते खऱ्या घटनेच्या जवळचं असलं पाहिजे.

तेल आणि दालचिनी

म्हणून ताटली बाजूला ठेवली आणि खेळ थेट हातांवर आणला. प्रत्येकाच्या तळव्यावर दोन-तीन थेंब खाद्यतेल आणि वर चिमूटभर दालचिनीची पूड. दोन्ही हात एकमेकांवर फिरवले की तपकिरी ठिपक्यांचे हात तयार. दालचिनी काही मुलांच्या कातडीला झोंबते, म्हणून घरी आधी विचारून घेतलं. कातडी कोरडी पडून खाज येणाऱ्या एका मुलाला दालचिनीऐवजी साध्या खडूची पूड दिली. डोळ्यांना हात लावायचा नाही, हे दोघींनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. चमकी मुद्दाम वापरली नाही. ती डोळ्यात गेली तर बोचते आणि गटारात गेलेलं प्लास्टिक परत येत नाही.

मग तीन फेऱ्या. पहिली नुसत्या पाण्याची. हात नळाखाली धरले, पाण्याचे मणी झाले आणि घरंगळले, ठिपके जिथल्या तिथे. एक मुलगी हात वर करून ओरडली, "पाणी घसरतंय!" मी काही समजावलं नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत साबण टेकवायचा, पण चोळायचं नाही. मिरपुडीच्या प्रयोगावर विश्वास बसलेल्या मुलांसाठी ही फेरी फार महत्त्वाची होती. तोच सुरुवातीचा मुलगा बोट साबणाला टेकवून हाताकडे बघत राहिला. परत टेकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पळत नाहीयेत." आवाजात तक्रार होती. तिसऱ्या फेरीत फेस करून चोळायचं. फेस पांढऱ्याचा तपकिरी होत गेला आणि नळाखाली धरल्यावर तो तपकिरी फेस बेसिनमधून गोल फिरत खाली गेला. सगळ्यांच्या माना त्या भोकावर वाकल्या होत्या. जंतू "पळून" जात नाहीत, आपण त्यांना सोडवून पाण्याबरोबर पाठवतो, हे त्या दिवशी शब्दांवाचून कळलं.

पण खरा शोध त्यानंतरचा. धुतलेले हात सगळ्यांनी उन्हात धरून तपासले. तळवे स्वच्छ. मग एकाने अंगठा वळवला. मागच्या बाजूला, नखाच्या कडेपासून खाली, तपकिरी रेघ तशीच्या तशी. "अंगठ्यामागे लपलाय!" त्याबरोबर 19 जणांनी अंगठे वळवले आणि जवळपास प्रत्येकाकडे ती रेघ निघाली. कुणाच्या बोटांच्या बेचक्यांत, कुणाच्या नखांच्या फटीत. माझ्या स्वतःच्या उजव्या अंगठ्यामागेही होती, ती एका मुलीनेच दाखवली. मोठी माणसंसुद्धा धुताना याच जागा सोडतात: अंगठे, बोटांची टोकं, बेचक्या. त्या दिवसापासून "अंगठ्यामागचा" हा आमच्या वर्गाचा शब्द झाला.

वीस सेकंद चोळायचं हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तो बरोबरच आहे. पण या वयाला सेकंद कळत नाहीत. गाणं म्हणायला लावलं की मुलं गाणं म्हणतात आणि हात नुसते पाण्याखाली धरतात. म्हणून आम्ही वेळेऐवजी जागा मोजल्या: तळवे, हातांची पाठ, बेचक्या, अंगठे, नखं. पाचही जागा नीट चोळल्या की वीस सेकंद आपोआप होतात. एक पथ्य मात्र सक्तीचं, चोळताना नळ बंद. नाहीतर साबण लागायच्या आधीच वाहून जातो.

खडूचा खेळ आणि त्यातून झालेली इजा

जंतू एका हातातून दुसऱ्या हातात कसे जातात, हे दाखवायला रंगीत खडूची पूड वापरली. एका मुलीच्या तळव्याला निळी पूड लावली आणि अर्धा तास नेहमीसारखं खेळू दिलं. मग सगळे मिळून निळा शोधायला निघालो. दाराच्या कडीवर, बाहुलीच्या पोटावर, ठोकळ्यांवर, मावशींच्या पदरावर, माझ्या गालावर. मुलं थक्क झाली. शिकवण म्हणून याहून चांगला अर्धा तास मी क्वचित पाहिला असेल.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी सर्दी घेऊन आली. नाक गळत होतं. गोलात बसताना शेजारची दोन मुलं सरकली. एक म्हणाला, "तिला हात नका लावू, तिच्याकडे जंतू आहेत." तिने काही उत्तर दिलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तशीच बसून राहिली. डब्याच्या वेळीही ते हात पटकन बाहेर येईनात.

हे मी कधी विसरणार नाही. खेळ माझा होता. 19 मुलांतून एकीला मी "जिथून जंतू येतात ती" म्हणून निवडलं होतं, तेही सगळ्यांसमोर. या वयाची मुलं आजाराला शिक्षा समजतात. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांच्या नीतिविचारांचा अभ्यास करताना हे नोंदवलं आहे: वाईट वागलं की वाईट होतं आणि वाईट झालं म्हणजे काहीतरी वाईट वागलेलं असणार. त्या चौकटीत "हात धुतले नाहीत तर आजारी पडाल" हे वाक्य गेलं की दुसऱ्या टोकाने "आजारी आहे म्हणजे घाणेरडी आहे" होऊन बाहेर पडतं. भीतीने हात धुतले जातील, पण ती भीती शेजारच्या मुलावर जाऊन बसते. हा सौदा मला मान्य नाही.

त्याच दिवशी गोलात आम्ही बोललो. सर्दी तिने केली नाही, तिला झाली, आणि आपल्याला सगळ्यांनाच होते, असं सांगितलं. मी तिचा हात हातात घेऊन बसले. मग दोन दिवसांनी खेळ पुन्हा केला, पण प्रत्येकाच्या हाताला वेगळ्या रंगाचा खडू. दोन-तीन मुलांना एकेक रंग वाटून घ्यावा लागला, तेवढे रंग नव्हते. अर्ध्या तासाने प्रत्येकाच्या हातावर चार-पाच रंग होते. "माझा पिवळा तुझ्याकडे गेला, तुझा हिरवा माझ्याकडे आला." सगळे देणारे, सगळे घेणारे. ती मुलगी त्या दिवशी आपला निळा कुणाकुणाकडे गेला ते मोजत हिंडत होती. खडूचा खेळ याच रूपात खेळावा. एका मुलाला निवडून कधीही करू नये.

दुसरी इजा सावकाश लक्षात आली. एक मुलगा मातीत बसेनासा झाला. वाळूच्या हौदाच्या कडेला उभा राहायचा, आणि दर थोड्या वेळाने हात धुवायला जायचा. बोटांची पेरं लाल आणि कोरडी झाली होती. त्याच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी, दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, बहुतेक जंतू आपलं काही वाकडं करत नाहीत. पोटातले कितीतरी जंतू तर अन्न पचवायला मदत करतात. दोन, हात धुवायच्या वेळा ठरलेल्या आहेत: शी-शू झाल्यावर, खाण्याआधी, नाक शिंकरल्यावर किंवा हातावर शिंकल्यावर, प्राण्यांना हात लावल्यावर, आणि मातीतून खेळून आल्यावर. या वेळा सोडून हात मळू दे. मावशी त्याच्यासोबत हौदात बसल्या, कोपरापर्यंत हात वाळूत घालून. तिसऱ्या दिवशी त्याने बोगदा खणला.

पावाचा प्रयोग

हा थोडक्यात सांगते, कारण तो पुन्हा करायचा नाही. पावाचे तीन तुकडे: एकाला हात लावला नाही, एकाला न धुतलेल्या हातांनी, एकाला धुतलेल्या हातांनी. तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बंद. बुरशी सगळ्यात आधी आली ती धुतलेल्या हातांच्या तुकड्यावर.

मुलं माझ्याकडे बघू लागली. मी खरं ते सांगितलं: मलाही असं होईल असं वाटलं नव्हतं, शोधूया. "धुतले तेव्हा पुसले होते का?" मावशींनी विचारलं. पुसले नव्हते. तुकडा ओला झाला होता आणि बुरशीला ओलावा आवडतो. शिवाय बुरशीचे बीजाणू हवेतही असतात, त्यामुळे हा प्रयोग हाताच्या स्वच्छतेचा पुरावा म्हणून मुळातच कच्चा आहे. पिशव्या न उघडताच टाकून दिल्या. मात्र त्यातून हात कोरडे करण्याचा विषय निघाला, जो आम्ही तोवर शिकवलाच नव्हता. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज पसरतात. पाच जागांनंतर सहावी पायरी आली: पुसणं. आणि सगळ्यांचा मिळून एक असलेला ओलाकिच्च पंचा गेला. प्रत्येकाचा छोटा नॅपकिन आला, त्यावर त्याचं-तिचं चित्र, आणि तो रोज धुवायला घरी.

बेसिन आणि घड्याळ

इतकं सगळं करून आमच्या लक्षात एक साधी गोष्ट आली, आणि ती आधीच यायला हवी होती. एके दिवशी मी बेसिनसमोर गुडघ्यांवर बसले आणि मुलाच्या उंचीवरून पाहिलं. नळाची चावी हाताला लागत नव्हती. साबणदाणीत पाणी साचून वडीचा गिळगिळीत लगदा झाला होता. तो हातातून निसटायचा, खाली पडायचा, आणि पडला की ओरडा मिळायचा. मीही ओरडले आहे. साबण न घेणं हा त्या मुलांचा शहाणपणा होता.

वडी जाळीच्या छोट्या पिशवीत घालून नळाशेजारी लोंबकळती बांधली. आता ती कोरडी राहते, पडत नाही आणि जाळीवर हात घासला की लगेच फेस होतो. पायाखाली न डगमगणारा पाट ठेवला.

मग हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार ओलं करण्यापासून पुसण्यापर्यंत 40 ते 60 सेकंद लागतात. 40 च धरले तरी 19 मुलांना 760 सेकंद, दोन नळांवर 380, म्हणजे सहा मिनिटांच्या वर. आमच्या वेळापत्रकात डब्याआधी हात धुवायला तीन मिनिटं होती. मागे उभी असलेली मुलं ढकलायची, आम्ही "चला, लवकर" म्हणायचो, आणि पुढच्याने बोटं भिजवून पळायचं. तोंडाने "नीट धू" आणि घड्याळाने "पळ" असं आम्ही रोज सांगत होतो. मुलांनी घड्याळाचं ऐकलं. आता दहा मिनिटं ठेवली आहेत, आणि एकावेळी चौघांनाच सोडतो. बाकीचे गोष्ट ऐकत बसतात.

सहा आठवड्यांनी

साबणाची वडी आता दहा-बारा दिवसांत संपते. यातला काही भाग जाळीवर फेस करण्याच्या मजेत जातो, हे मान्य आहे, तो जाऊ दे. मावशींच्या पाहणीत, कुणी समोर नसताना बहुतेक मुलं साबण घेतात आणि अंगठे वळवतात. दोघं अजूनही भिजवून पळतात. एकाला घरी जायची घाई असते. दुसऱ्याला फेसाचा स्पर्शच आवडत नाही, त्याच्यासाठी द्रव साबणाची छोटी बाटली ठेवली आहे. बालसंगोपन केंद्रांमधले अभ्यास एकत्र करून पाहिले तर हात धुवायला शिकवल्याने जुलाबाचे प्रसंग सुमारे 30 टक्क्यांनी घटतात, असं दिसतं. एका वर्गाच्या सहा आठवड्यांवरून आजारपणाचा दावा करता येत नाही, ऋतूही बदलला आहे. मी करतही नाही.

पुढच्या तुकडीसाठी क्रम असा ठरला आहे: पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसून बेसिन तपासायचं आणि वेळापत्रकात दहा मिनिटं काढायची. दुसऱ्या आठवड्यात तेल-दालचिनी, तिन्ही फेऱ्या, कुठलीही न गाळता. त्यानंतर खडू, सगळ्या रंगांचे, आणि तेवढे रंग आधी आणून ठेवायचे. मिरपुडीची ताटली वरच्या वर्गाच्या बाईंना देऊन टाकली. त्या सात वर्षांच्या मुलांना पृष्ठताण दाखवायला ती वापरतात, जंतू हा शब्दही न काढता.